विश्लेषण : जुन्या फियाटचे इंजिन उभ्या उभ्या का थरथरते? वालचंद हिराचंद यांचा इंजिनाचा ध्यास काय सांगतो?

सातारा, सांगली, कराड, मिरज या भागात आजही अधूनमधून एखादी प्रीमियर पद्मिनी रस्त्यावर दिसते. धावताना गाडी ठीक असते. पण सिग्नलला थांबली की बॉनेट हलू लागते, आरसा थरथरतो आणि इंजिन बंद पडेल की काय असे वाटते. गॅरेजच्या भाषेत गाडी आयडलला ‘मिस’ मारते. हा दोष किरकोळ वाटला, तरी इंजिनाचे ओतकाम, घडण आणि जुळणी किती नेमकी आहे, हे तिथेच उघड होते. नेमकी हीच घडण भारतात व्हावी, परदेशी सुटे भाग नुसते जोडून गाडी तयार होऊ नये, यासाठी वालचंद हिराचंद यांनी आयुष्याची उत्तरार्धातील वर्षे खर्ची घातली. या प्रयत्नांचा एक दुवा सातारा रोडशी, तर दुसरा सांगलीशी आहे.

आयडल म्हणजे काय? थरथर तेव्हाच का जाणवते?

ॲक्सिलरेटरवर पाय नसताना इंजिन ज्या किमान वेगाने फिरत राहते, त्याला आयडल म्हणतात. जुन्या चार सिलिंडरच्या पेट्रोल गाडीत हा वेग मिनिटाला साधारण ७०० ते ८०० फेरे इतका असतो. फोर स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच पेटतो. म्हणजे ८०० फेऱ्यांना प्रत्येक सिलिंडर ४०० वेळा आणि चारही मिळून १६०० वेळा पेटतात. यातला एक सिलिंडर जरी नीट पेटला नाही, तरी चौथाई ताकद गेली आणि प्रत्येक दुसऱ्या फेऱ्याला एक धक्का बसला. वेगात असताना फ्लायव्हीलचा जोर हा धक्का गिळून टाकतो. कमी वेगात तो जोर नसतो, म्हणून थरथर थेट स्टीअरिंगपर्यंत पोहोचते.

दुसरे कारण हवेचे. आयडलला कार्बोरेटरची झडप जवळपास मिटलेली असते. आत येणारी हवा अगदी थोडी आणि इंजिनाची ओढ मात्र मोठी असते. अशा वेळी एखाद्या सांध्यातून सुईच्या अग्राएवढ्या फटीतून हवा शिरली, तरी पेट्रोल-हवेचे प्रमाण बिघडते. रेस दिल्यावर हवेचा प्रवाह इतका वाढतो की त्या फटीला महत्त्व उरत नाही. म्हणूनच कित्येक गाड्या धावताना शहाण्या आणि उभ्या असताना खट्याळ वाटतात.

वालचंद हिराचंद कोण होते?

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. दोशी कुटुंब मूळचे सौराष्ट्रातील वांकानेरचे. व्यापारानिमित्त ते सोलापूर भागात स्थायिक झाले होते. घरी सावकारी आणि कापसाचा व्यापार होता. वालचंद यांना जन्मानंतर थोड्याच दिवसांत आईचे छत्र गमवावे लागले. शालेय शिक्षण सोलापुरात आणि पुढचे शिक्षण मुंबई व पुण्यात झाले. पण पदवी पूर्ण न करताच ते व्यवसायात उतरले.

घरचा व्यापार सांभाळण्यात त्यांचे मन रमले नाही. रेल्वेत कारकून राहिलेले लक्ष्मणराव फाटक यांच्याबरोबर भागीदारी करून त्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रेल्वे बांधकामाची कंत्राटे घ्यायला प्रारंभ केला. बार्शी लाइट रेल्वेचे काम हे त्यांतले सुरुवातीचे. सावकाराच्या घरातला मुलगा खडी, माती, मजूर आणि मोजमापाच्या जगात शिरला. पुढे भोर घाटातील रेल्वे बोगदे आणि मुंबईला पाणी आणणारी तानसा जलवाहिनी अशी मोठी कामे त्यांच्या कंपन्यांनी केली. आजची हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी ही त्याच परंपरेतील. तिची स्थापना १९२६ ची.

कंत्राटदाराला यंत्रांची गरज पडते आणि ती यंत्रे तेव्हा विलायतेतूनच येत. यंत्र बिघडले की सुटा भाग बोटीने येईपर्यंत काम अडायचे. यंत्र चालवणारा देश आणि यंत्र बनवणारा देश यांत किती अंतर असते, हे वालचंद यांनी रोजच्या कामात अनुभवले.

जहाजापासून इंजिनापर्यंतचा प्रवास कसा झाला?

पहिले महायुद्ध संपल्यावर ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांचे ‘लॉयल्टी’ हे जहाज विक्रीला निघाले. वालचंद यांनी नरोत्तम मोरारजी आणि इतर सहकाऱ्यांसह ते घेतले आणि १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी राहिली. ५ एप्रिल १९१९ रोजी हे जहाज मुंबईहून लंडनकडे निघाले. आज ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिवस म्हणून पाळला जातो, तो याच प्रवासामुळे.

ब्रिटिश कंपन्यांनी भाडे पाडून सिंदियाला जेरीस आणण्याचा प्रयत्न केला. १९२३ मध्ये सिंदियाला दहा वर्षांचा करार करून आपल्या वाढीवर मर्यादा स्वीकाराव्या लागल्या. या अनुभवातून वालचंद यांनी एक धडा घेतला. जहाजाची मालकी भारतीय असून भागत नाही. जहाज बांधण्याची सोयही इथेच हवी. २१ जून १९४१ रोजी विशाखापट्टणमला डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते जहाजबांधणी कारखान्याची पायाभरणी झाली. तिथे बांधलेले ‘जल उषा’ हे जहाज १४ मार्च १९४८ रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते पाण्यात उतरले.

वालचंद यांच्या कारकीर्दीत हा क्रम पुन्हा पुन्हा दिसतो. आधी वापर, मग मालकी आणि शेवटी निर्मिती. इंदापूर तालुक्यातील कळंबच्या माळावर त्यांनी ऊस लावला, साखर कारखाना काढला, वसाहतीचे वालचंदनगर झाले आणि पुढे तिथेच साखर कारखान्यांची यंत्रे तयार होऊ लागली.

मोटार कारखान्याची कल्पना कुणाची?

सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३० च्या दशकाच्या मध्याला युरोप-अमेरिकेतील कारखाने पाहून भारतात मोटार कारखाना काढण्याची योजना तयार केली होती. तेव्हा देशात मोटारी येत होत्या, पण त्या परदेशी कंपन्यांच्या. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत जोडणी कारखाना सुरू केला होता. फोर्डच्याही गाड्या इथे जोडल्या जात. खोक्यांतून सुटे भाग यायचे, इथले कामगार बोल्ट आवळायचे आणि गाडी बाहेर पडायची. इंजिन मात्र परदेशातून तयार होऊनच यायचे.

विश्वेश्वरय्यांची योजना वालचंद यांनी उचलून धरली. मुंबई प्रांतात तेव्हा बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ होते आणि ते या योजनेला अनुकूल होते. १९३९ मध्ये वालचंद अमेरिकेला गेले. फोर्डशी बोलणी फिसकटली, जनरल मोटर्सशीही जमले नाही. अखेर १९४० मध्ये क्रायस्लर कंपनीशी करार झाला. पण तोवर दुसरे महायुद्ध सुरू झाले होते आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये प्रांतातील काँग्रेस मंत्रिमंडळाने राजीनामा दिला होता. युद्धकाळात केंद्रातील ब्रिटिश सरकारने या प्रकल्पाला युद्धोपयोगी उद्योगाचा दर्जा दिला नाही. त्या दर्जाशिवाय परकीय चलन आणि यंत्रसामग्री मिळणे अशक्य होते. सैन्याला हजारो ट्रक हवे असतानाही ते भारतात बनवण्याला वाव मिळाला नाही.

विमानाला परवानगी मिळाली, मग मोटारीला का नाही?

याच काळात वालचंद यांची अमेरिकी विमान व्यावसायिक विल्यम पॉली यांच्याशी प्रवासात भेट झाली. त्यातून विमान कारखान्याची कल्पना पुढे आली. म्हैसूर संस्थानाने जमीन आणि भांडवल दिले आणि डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरुला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. आजच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सची ही सुरुवात. जपानी सैन्य पूर्वेकडून सरकू लागले, तशी सरकारला विमान दुरुस्तीची निकड भासली. १९४२ मध्ये सरकारने वालचंद यांचा हिस्सा विकत घेऊन कारखान्याचा ताबा घेतला.

विमान सरकारला तातडीने हवे होते. मोटार मात्र युद्धानंतरच्या बाजाराची वस्तू होती आणि तो बाजार ब्रिटिश व अमेरिकी कंपन्यांचा होता. त्यामुळे विमानाचा कारखाना सोळा महिन्यांत उभा राहून सरकारजमाही झाला, तर मोटारीचा कारखाना कागदावरच राहिला.

सातारा रोडच्या कारखान्याचे महत्त्व काय?

पुणे-मिरज रेल्वेमार्गावर कोरेगाव तालुक्यात पाडळीजवळ सातारा रोड हे स्थानक आहे. तिथे सर धनजीशा कूपर यांनी १९२२ मध्ये कूपर इंजिनिअरिंगचा कारखाना उभारला. साताऱ्यातील या पारशी उद्योजकाने लोखंडी नांगरापासून सुरुवात केली आणि पुढे डिझेल इंजिनांपर्यंत मजल मारली. देशात बनलेल्या सुरुवातीच्या डिझेल इंजिनांत कूपरच्या इंजिनांची गणना होते. हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधानही होते. याच रेल्वेमार्गावर पुढे सांगली जिल्ह्यात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या मदतीने १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली होती. विहिरीवरचे इंजिन, उसाचा चरक, नांगर आणि पंप यांमुळे या पट्ट्यातील शेतकऱ्याचा कान इंजिनाच्या आवाजाला फार लवकर सरावला. ठोका चुकला की विहिरीवरचा माणूस शेतातूनच ओळखायचा.

१९४० च्या सुमारास कूपर इंजिनिअरिंगची मालकी वालचंद समूहाकडे आली. मोटारीचे स्वप्न सरकारदरबारी अडले असताना हा कारखाना हाती येणे महत्त्वाचे होते. कारण इंजिन बनवण्याची पहिली पायरी ओतकामाची असते. इंजिनाचा ब्लॉक बिडाचा ओतीव असतो. साच्यातील वाळू, वितळलेल्या बिडाचे तापमान आणि थंड होण्याचा वेग यांत थोडी चूक झाली, तरी ओतीव भागात पोकळी राहते. मग बोअर एकसारखा होत नाही आणि एक सिलिंडर दुसऱ्यापेक्षा कमी दाब धरतो. म्हणजे आयडलला दिसणाऱ्या थरथरीचे एक बीज थेट ओतशाळेत पेरले जाते. हे कौशल्य करारातून विकत मिळत नाही; ते साच्यापुढे उभे राहणाऱ्या कामगारांच्या पिढ्यांतूनच तयार होते. सातारा रोडची ओतशाळा पुढे वालचंदनगर इंडस्ट्रीजचा भाग झाली.

कुर्ल्याच्या कारखान्यातून काय बाहेर पडले?

१९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीची नोंदणी झाली आणि मुंबईत कुर्ल्याला कारखाना उभारला गेला. मार्च १९४७ मध्ये, स्वातंत्र्याच्या काही महिने आधी, तिथून पहिले वाहन बाहेर पडले. क्रायस्लर समूहाच्या डॉज, फार्गो, प्लायमाउथ या नावांची वाहने तिथे तयार होऊ लागली. मात्र हीसुद्धा सुरुवातीला मुख्यतः जोडणीच होती. एकेक भाग देशात बनवत जायचे आणि शेवटी इंजिन, असा पुढचा मार्ग होता.

अमेरिकी गाड्या मोठ्या आणि पेट्रोल पिणाऱ्या होत्या. भारतातील रस्ते, पेट्रोलचे दर आणि ग्राहकाचा खिसा पाहता लहान गाडी हवी होती. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रीमियरने इटलीच्या फियाटशी हातमिळवणी केली. तोवर वालचंद यांची प्रकृती ढासळली होती. पक्षाघाताच्या झटक्यानंतर १९५० मध्ये ते व्यवसायातून निवृत्त झाले. पत्नी कस्तुरबाई यांनी अखेरपर्यंत त्यांची शुश्रूषा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले.

त्याच वर्षी टॅरिफ कमिशनने शिफारस केली की, देशात भाग बनवण्याचा ठोस कार्यक्रम असलेल्या कंपन्यांनाच मोटारनिर्मितीची मुभा द्यावी. केवळ जोडणी करणाऱ्या जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी त्यानंतर भारतातून काढता पाय घेतला. प्रीमियर टिकली. दीड दशकापूर्वी वालचंद ज्यासाठी आग्रह धरत होते, तेच आता सरकारचे धोरण झाले होते. ते पाहायला वालचंद मात्र नव्हते.

पद्मिनीच्या इंजिनात खास काय होते?

फियाट ११०० चे इंजिन १०८९ सीसीचे, चार सिलिंडरचे. १९६४ मध्ये आलेली ‘डिलाइट’ आणि १९७० च्या दशकात आलेली ‘प्रीमियर पद्मिनी’ यांचे मूळ तेच. यात ना संगणक होता, ना सेन्सर. हवा आणि पेट्रोल मिसळायला कार्बोरेटर, ठिणगीची वेळ ठरवायला डिस्ट्रिब्यूटर आणि त्यातले ‘पॉइंट’, व्हॉल्व्हची फट राखायला टॅपेट. प्रत्येक गोष्ट पान्याने आणि स्क्रू-ड्रायव्हरने जुळवता येई. म्हणून तालुक्याच्या गावातील गॅरेजही ही गाडी दुरुस्त करू शकले. त्याच कारणाने तिचे आयडल वारंवार बिघडायचेही. जे हाताने जुळवता येते, ते घासून-हलून सुटतेही.

थरथरीचे मूळ शोधायचे कसे?

जुन्या गाडीचे आयडल बिघडले की पहिला मोह कार्बोरेटरचा स्क्रू फिरवण्याचा होतो. अनुभवी मेस्त्री ते सर्वांत शेवटी करतो. स्क्रू फिरवून वेग वाढवला की थरथर झाकली जाते, दोष तसाच राहतो आणि पेट्रोल जास्त लागते.

पहिला प्रश्न असतो, थरथर नेमकी कधी होते. गाडी थंड असतानाच होत असेल तर चोक तपासायचा. गरम झाल्यावर होत असेल तर फ्लोटची पातळी जास्त होऊन पेट्रोल ओसंडते का, हे पाहायचे. रेस दिली की थरथर जात असेल तर संशय हवेची गळती किंवा आयडल जेटमधील कचऱ्यावर. रेसमध्ये आणि घाट चढतानाही मिसिंग राहत असेल तर संशय ठिणगीवर.

दुसरी पायरी म्हणजे दुबळा सिलिंडर ओळखणे. इंजिन चालू ठेवून, रबरी मूठ असलेल्या पकडीने, एकेका प्लगची वायर क्षणभर काढायची. चांगल्या सिलिंडरची वायर काढली की इंजिनाचा वेग लगेच पडतो. ज्याची वायर काढूनही फरक पडत नाही, तोच सिलिंडर काम करत नाही. या वायरमध्ये विजेचा दाब (व्होल्टेज) फार मोठा असतो, त्यामुळे हे काम जाणकारानेच करावे. मग त्या सिलिंडरचा प्लग काढून रंग पाहायचा. फिकट तपकिरी असेल तर जळण ठीक आहे. काजळीसारखा काळा असेल तर पेट्रोल जास्त, पांढरा असेल तर हवा जास्त, तेलकट असेल तर ऑइल वर चढते आहे.

तिसरी पायरी ठिणगीची. पॉइंट खडबडीत झाले आहेत का, त्यांतील फट नेमकी आहे का, कंडेन्सर चांगला आहे का, डिस्ट्रिब्यूटरच्या झाकणाला तडा आहे का, हे पाहायचे. पावसाळ्यात पाटण-महाबळेश्वरकडच्या ओलसर हवेत असा तडा हमखास त्रास देतो.

चौथी पायरी हवेच्या गळतीची. कार्बोरेटरचा पाया, मॅनिफोल्डचे गॅस्केट आणि रबरी नळ्या येथे गळती होते. सांध्यावर थोडे ऑइल सोडले आणि इंजिनाचा सूर क्षणभर सुधारला, तर फट तिथेच आहे. अलीकडे पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण वाढले आहे. इथेनॉलमध्ये प्राणवायू असल्याने जुन्या कार्बोरेटरच्या जुळणीत मिश्रण पातळ पडते आणि जुन्या रबरी नळ्याही लवकर खराब होतात. म्हणून पूर्वी ठीक चालणारी गाडीही आता आयडलला कुरकुरू शकते.

पाचवी पायरी दाबाची, म्हणजे कॉम्प्रेशनची. गेज लावून चारही सिलिंडरचा दाब मोजायचा. एखाद्यात दाब कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजायचे. दाब वाढला तर रिंग झिजल्या आहेत. नाही वाढला तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही. टॅपेट फार घट्ट असेल तरीही व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही. शेजारच्या दोन सिलिंडरचा दाब एकदम पडला असेल तर हेड गॅस्केट गेले, असे समजावे. हे सगळे ठीक असूनही गाडी हलत असेल, तर दोष इंजिनात नसून ते ज्या रबरावर बसवले आहे त्या माउंटिंगमध्ये असू शकतो.

एवढे झाल्यावरच कार्बोरेटरचा स्क्रू. मिश्रणाचा स्क्रू हळूहळू फिरवत इंजिन सर्वांत सुरेल आणि वेगवान होईल तिथे थांबायचे, मग वेगाचा स्क्रू सैल करून आयडल खाली आणायचे.

सांगलीशी वालचंद यांचे नाव कसे जोडले गेले?

सांगलीत विश्रामबागला १९४७ मध्ये धोंडूमामा साठे यांच्या पुढाकाराने न्यू इंजिनिअरिंग कॉलेज सुरू झाले. सुरुवातीला तिथे स्थापत्य अभियांत्रिकीचे शिक्षण होते. १९५५ मध्ये वालचंद यांच्या स्मरणार्थ त्यांच्या न्यासाची देणगी मिळाली, यांत्रिक आणि विद्युत अभियांत्रिकीच्या शाखा सुरू झाल्या आणि संस्थेचे नाव वालचंद कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग झाले. वालचंद यांनी स्वतः पदवी घेतली नव्हती. पण कारखाना उभारताना त्यांना पदोपदी जाणवलेली उणीव भांडवलापेक्षा प्रशिक्षित माणसांची होती. परदेशी कंपनीशी करार करून नकाशे मिळतात. ते वाचून भाग घडवणारे, मोजणारे आणि चूक शोधणारे अभियंते इथेच तयार करावे लागतात. त्यांच्या नावाचे यांत्रिकी शिक्षण त्यांच्या मृत्यूनंतर सांगलीत सुरू झाले, ते या उणिवेवरचे उत्तर होते.

या प्रयत्नांच्या मर्यादा कोणत्या?

वालचंद यांना स्पर्धेत उतरणारा भारतीय उद्योग हवा होता. प्रत्यक्षात परवाना पद्धतीच्या काळात मोटार उद्योगाला स्पर्धाच उरली नाही. मोजक्या कंपन्या, गाडीसाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षा आणि जुनेच मॉडेल, असे चित्र निर्माण झाले. इटलीत फियाट ११०० बंद पडली, तरी कुर्ल्यात तिचे वारसदार सन २००० च्या सुमारापर्यंत बनत राहिले. देशात इंजिन घडवण्याचे कौशल्य आले, पण नवे इंजिन रचण्याची गरज भासू नये इतके संरक्षणही मिळाले. १९८० च्या दशकात मारुती आली आणि पद्मिनीची सद्दी ओसरू लागली. मुंबईतील काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून गेल्या.

हा दोष केवळ वालचंद यांच्या माथी मारता येत नाही. तो त्यांच्यानंतरच्या चार दशकांचा हिशेब आहे. पण घडवणे आणि घडवत राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून दिसते.

आज याचा संबंध काय?

आजच्या गाडीत आयडल बिघडले की स्कॅनर जोडला जातो आणि दोषाचा सांकेतिक क्रमांक पडद्यावर येतो. क्रमांक सांगतो की अमुक सिलिंडर मिस मारतो आहे; तो का मारतो आहे, हे माणसालाच शोधावे लागते. प्लग, हवा, दाब, व्हॉल्व्ह हा क्रम तिथेही चुकत नाही. वाहनांचे सुटे भाग बनवणारे शेकडो कारखाने आज पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर पट्ट्यात आहेत आणि ओतकाम हा या भागाचा मोठा व्यवसाय आहे. विजेच्या गाडीला आयडल नसतेच. तिच्या बॅटरीचे सेल आणि चिप बाहेरून आणून इथे नुसती जोडणी करायची, की ते इथेच घडवायचे, हा प्रश्न मात्र पुन्हा समोर उभा आहे. १९३९ मध्ये अमेरिकेला निघताना वालचंद हिराचंद याच प्रश्नाचे उत्तर शोधत होते.